चार वर्षांचा फोन आणि दुपारी दोनला संपणारी बॅटरी

अकोल्याच्या एका औषध-प्रतिनिधींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. फोन २०२१ च्या दिवाळीत अठरा हजारांना घेतलेला. सकाळी आठला शंभर टक्के करून घराबाहेर पडतात आणि दुपारी दोनला फोन मान टाकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलायचे ३,२०० सांगितले, बाजारातला दुकानदार १,२०० म्हणतो. मुलगी म्हणते, बाबा, जुन्यावर खर्च कशाला, त्यात ५जी पण नाही, एक्स्चेंजमध्ये दोन हजार येतायत तोवर देऊन टाका. आणि जाता जाता एक शंका: रात्रभर चार्जिंगला लावून ठेवायची सवय आहे, त्यानेच बॅटरी गेली का?

मी मिरजेत एकवीस वर्षं मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतोय. हा प्रश्न माझ्या काउंटरवर दिवसातून चारदा येतो, फक्त आकडे बदलतात. आधीच सांगतो, फोन हातात घेतल्याशिवाय ‘हेच करा’ असं म्हणणारा दुकानदार एकतर ज्योतिषी असतो नाहीतर त्याला काहीतरी खपवायचं असतं. तेव्हा मी विचार कसा करतो तेवढं सांगतो. तुमच्या फोनला काय लागू पडतं ते तुम्ही ताडून बघा.

तुम्ही थेट ‘बॅटरी की नवा फोन’ इथे पोचलात. त्याच्या आधीची एक पायरी राहिली. चार्ज लवकर संपतोय हे लक्षण झालं; पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर लगेच अपेंडिक्स काढत नाही. माझ्याकडे ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या फोनांत बॅटरी बहुतेक वेळा खरंच गेलेली असते. पण बाकीच्यांत काहींचं एखादं ॲप मागच्या मागे चालू असतं, काहींना रेंजचा त्रास असतो, आणि थोड्यांच्या बोर्डावर लीकेज असतं, म्हणजे फोन बंद असतानाही करंट कुठूनतरी गळत असतो. या शेवटच्या तिघांत बॅटरी बदलून दमडीचाही फायदा होत नाही.

हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. एक गुरुजी होते, नेहमीचं गिऱ्हाईक. म्हणाले बॅटरी टिकत नाही, मी बदलून दिली. दोन महिन्यांनी परत आले, तीच तक्रार. मला वाटलं माल खराब निघाला, म्हणून मी पदरचे पैसे घालून दुसरी टाकली. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून चहा पाजला आणि नीट विचारलं. तर त्यांची बदली शिराळ्याच्या डोंगरात झाली होती. शाळेत रेंजची एक काडी, तीही येऊन-जाऊन. टॉवर लांब असला की फोन सिग्नल पाठवायला जास्त ताकद लावतो आणि दिवसभर टॉवर धुंडाळत बसतो. खिशात शांत पडलेला फोन आतून धापा टाकत असतो. शाळेच्या वेळेत एअरप्लेन मोड आणि ऑफिसचं वायफाय, एवढ्यावर तोच फोन रात्री नऊपर्यंत टिकायला लागला. माझ्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचे चार महिने फुकट गेले, कारण मी बदलीचं विचारलंच नव्हतं.

म्हणून तुम्ही घरीच एक रात्रीची परीक्षा घ्या. खर्च शून्य. झोपताना फोन शंभर टक्के करा, चार्जर काढा, एअरप्लेन मोड लावा, वायफाय आणि ब्लूटूथ बंद आहेत ना ते बघा आणि ठेवून द्या. सकाळी सात-आठ तासांनी एक ते तीन टक्के कमी झालेले दिसले, तर बॅटरी गळत नाही आणि बोर्डही ठीक. दुसऱ्या रात्री हेच एअरप्लेन मोड न लावता करा. आता पंधरा-वीस टक्के उडाले तर गुन्हेगार नेटवर्क किंवा एखादं ॲप आहे. सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर ॲपनिहाय वापर दिसतो, तिथे चोर सापडतो. तुमच्या धंद्यात रोजच्या भेटी नोंदवायचं कंपनीचं ॲप असणार. ते चोवीस तास लोकेशन घेत असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. आणि एअरप्लेन मोडमध्येसुद्धा रात्रीत दहा टक्क्यांच्या वर गेले, तर मात्र फोन मिस्त्रीला दाखवायला हवा.

मिस्त्री काय करतो तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्यासमोर तो ते करतोय की नाही हे कळेल. बॅटरीचा कनेक्टर काढून फोनला डीसी पॉवर सप्लाय, म्हणजे बॅटरीऐवजी करंट देणारं आणि तो मोजून दाखवणारं यंत्र, जोडायचा. पॉवरचं बटण दाबायच्या आधी ॲम्पिअरचा काटा शून्यावर पाहिजे. बटण न दाबताच करंट ओढला गेला तर लीकेज आहे, आणि मग बॅटरीचं बोलणंच नको. दोन मिनिटांचं काम आहे हे. जो दुकानदार फोन हातात घेताच ‘बॅटरी गेली, बाराशे’ म्हणतो, त्याने हे केलेलं नसतं.

आणखी एक खूण. फोन तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडतो का? चार्जरला लावला की पुन्हा पंचवीस दाखवत उठतो? कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की मरतो? हे असेल तर बॅटरी म्हातारी झालीय हे जवळपास नक्की. कारण साधं आहे. टक्केवारी म्हणजे फोनचा अंदाज असतो. रॉकेलच्या डब्यात काडी बुडवून मोजावं तसं तिथे काही नसतं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. सावकाश करंट मागितला तर ती देते, पण फ्लॅश किंवा व्हिडिओ कॉलसारखा मोठा घोट एकदम मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं, आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. आत चार्ज असतो, पण देता येत नाही. याच कारणाने ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग गुपचूप कमी केला होता आणि २०१७ च्या डिसेंबरात ते कबूल करावं लागलं होतं. तेव्हा ‘फोन स्लो झालाय, नवा घ्यायला हवा’ म्हणणाऱ्या कित्येकांचा फोन नुसती बॅटरी बदलल्यावर पुन्हा पळायला लागला.

तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची. फोन काचेच्या टेबलावर पालथा-उताणा ठेवून हलक्या बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखा गरगरला किंवा डिस्प्लेची कड उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलीय. मग परीक्षाबिरीक्षा सोडा, चार्ज करायचं थांबवा आणि त्याच दिवशी दुकानात न्या. आतलं रसायन कुजून वायू होतो, त्याने ती फुगते. दाबून बसवायला जाऊ नका. टाचणी मारून हवा काढू नका. हसू नका, असं करून आलेला माणूस मी पाहिलाय.

आता तुमची शंका. रात्रभराच्या चार्जिंगने बॅटरी गेली का?

थोडाफार हात असेल, पण मुख्य आरोपी ती नाही. फोन शंभरावर पोचला की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. टाकी भरून वाहते तसं काही होत नाही. मात्र लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि तासन्‌तास पूर्ण भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या तर फारच वाईट, उदाहरणार्थ उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन. तुम्ही लिहिलंय की गाडीच्या हँडलवर होल्डर आहे, मॅप चालू असतो, आणि गाडीवरच यूएसबी चार्जर बसवलाय. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, असं फिरणं, तेही एप्रिल-मेमध्ये. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हे वापराचं तापमान सांगते. बाकीच्या कंपन्यांची लिथियम बॅटरी काही वेगळ्या मातीची नसते. अकोल्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ ला जातो. तुमचा फोन उन्हात, काळ्या पाठीचा, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू आणि वर चार्जिंग. तव्यावर ठेवून त्याला जेवण भरवण्यासारखं झालं. माझ्या मते तुमची बॅटरी हँडलवर गेली, गादीवर नाही.

आत काय होतं, तर चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडंसं लिथियम वाटेत अडकतं, त्याचा एक पापुद्रा साचत जातो. उष्णतेने हा पापुद्रा लवकर जाड होतो. शून्य ते शंभर एवढा वापर झाला की एक सायकल धरतात, मग तो एका दिवसात होवो की दोन दिवसांत. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांना ॲपल ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगायची, १५ पासून हा आकडा १,००० केला. तुम्ही रोज एक सायकल वापरताय, म्हणजे चार वर्षांत हजारावर झाल्या. उन्हाचा हिशोब धरला नाही तरी बॅटरीने आपलं काम चोख केलंय. तिच्यावर रागवण्यासारखं काही नाही.

गाडीच्या होल्डरबद्दल अजून एक. मोटरसायकलच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं असं ॲपलनेच २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. फोटो कापरे यायला लागले म्हणून येणाऱ्यांना मी हल्ली पहिलं हेच विचारतो: होल्डर लावता का? फोन शर्टाच्या खिशात आणि कानात एक इअरफोन, मॅपची बाई बोलते तेवढं ऐकायचं. एक कान रस्त्याला मोकळा ठेवा म्हणजे झालं.

सवयींबद्दल आमच्या धंद्याने लोकांना बरंच खोटं शिकवलंय, त्यात मीही आहे. ‘नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका’, हे मी २००५ मध्ये छातीठोकपणे सांगायचो. तो सल्ला निकेलवाल्या बॅटऱ्यांचा. नोकिया ३३१० मध्ये निकेलची असायची. पुढे नोकियाचीच बीएल-५सी नावाची बॅटरी आली, ती लिथियमची होती, पण आमचं तोंड तेच राहिलं. लिथियमला उलटं आवडतं: वीस ते ऐंशीच्या मध्ये राहणं, थोडं थोडं खाणं. तुमच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ किंवा ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ असं काहीतरी असेल, ते चालू करा. मग रात्री लावून झोपलात तरी हरकत नाही. फास्ट चार्जिंगही मोठं पाप नाही, गरम होत नसेल तर. आणि ऐंशीनंतर ते मुद्दाम हळू होतं, त्याला ‘चार्जर गेला’ समजून नवा घेऊ नका. गरम झालेला फोन फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना मात्र हात जोडतो. आत दव धरतं आणि मग माझी कमाई होते.

बॅटरीच गेलीय असं ठरलं, तर ३,२०० की १,२००?

इथे लोक मला विचारतात तेव्हा त्यांना वाटतं मी गल्लीवाला, गल्लीचीच बाजू घेणार. तसं नाही. पण सरसकट सेंटरचीही घेणार नाही. फरक बॅटरीत असतो आणि हातात असतो.

बॅटरीचं आधी. मुंबईच्या मनीष मार्केटात किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उभं राहिलं की एकाच मॉडेलच्या बॅटऱ्या चार भावांत मिळतात. सगळ्यांवर छापलेलं तेच, ५,००० एमएएच, तोच लोगो, तोच बारकोड. छपाईला पैसे लागत नाहीत. मी एक गावठी युक्ती करतो. फोनमधून काढलेली जुनी मूळ बॅटरी आणि आणलेली नवी, दोन्ही छोट्या काट्यावर ठेवतो. पूर्वी शेजारच्या सराफाकडे जायचो, आता पाचशे रुपयांचा काटा काउंटरवरच आहे. तेवढ्याच आकाराच्या, तेवढीच क्षमता सांगणाऱ्या दोन बॅटऱ्यांत एक ६९ ग्रॅम आणि दुसरी ५८ भरली, तर त्या अकरा ग्रॅमांत काय नाहीये हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. परवाच एक अशी परत पाठवली. तुम्ही दुकानदाराला एवढंच म्हणा, ‘जरा वजन करून दाखवता का?’ चेहऱ्यावरूनच अर्धं उत्तर मिळेल. दुसरं, बॅटरीवर बनवल्याची तारीख बघा. तीन वर्षं गोदामात पडलेली ‘नवी’ बॅटरी अर्धी म्हातारी असते, कारण ती न वापरताही झिजते.

आता हाताचं. काम दिसायला सोपं आहे. फोन हीट प्लेटवर ऐंशीएक अंशावर चार-पाच मिनिटं ठेवायचा, मागच्या पॅनेलचा गम सैल झाला की पातळ प्लास्टिकची पिक, म्हणजे चपटी पाचर, कडेने फिरवायची. ती कुठे किती आत घालायची हे मॉडेलवर असतं. बोटाच्या सेन्सरचा पट्टा, म्हणजे चपटी वायर, नेमका कडेला असला आणि पिक दोन मिलिमीटर जास्त गेली की गिऱ्हाइकाचं फिंगरप्रिंट गेलं. मग स्क्रू, मग बॅटरीचा कनेक्टर सगळ्यांत आधी काढायचा, मग बाकीचे पट्टे. बॅटरी खाली चिकटवलेली असते, तिला ओढायची एक पट्टी असते. ती सावकाश, जमिनीला समांतर ओढली तर अख्खी येते. तुटली तर आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोल, याने गम सुटतो) चार थेंब कडेने सोडून दोन मिनिटं थांबायचं आणि प्लास्टिकच्या कार्डाने उचलायची.

ही दोन मिनिटं मी २०१६ मध्ये थांबलो नव्हतो. संध्याकाळची गर्दी, चार माणसं ताटकळलेली. स्टीलचा स्पॅच्युला घातला आणि जोर केला. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज आला, एक विचित्र गोडसर वास, आणि मग पांढरा धूर. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या वाळूत फोन फेकला. टेबलावर अजून तो डाग आहे. तेव्हापासून पायाशी वाळूची बादली असते, आणि फोन पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय मी बॅटरीला हात लावत नाही. भरलेली बॅटरी भोसकली गेली तर जास्त पेटते. म्हणून तुम्हीही दुकानात जाताना फोन फुल करून नेऊ नका. आमच्याकडे लोक कौतुकाने शंभर टक्के करून आणतात आणि मग मी त्यांना तासभर यूट्यूब बघत बसवतो.

तर सेंटरमध्ये माल खात्रीचा मिळतो, पण खूपदा डेटाची हमी आमची नाही असं लिहून घेतात, कधी फोन पुसूनच मागतात, आणि दोन-चार दिवस ठेवून घेतात. चांगल्या गल्लीवाल्याकडे काम तुमच्यासमोर अर्ध्या-पाऊण तासात होतं. दोन्हीकडे जायच्या आधी बॅकअप घ्या, सिम काढून खिशात ठेवा. बॅटरी बदलायला पिन सांगायची गरज नसते. ‘चेक करायला लागेल’ म्हणाले तर चेक तुमच्या हाताने करून दाखवा. काही फोनांत आता दुरुस्तीसाठी वेगळा मोड येतो, त्यात फोटो-मेसेज झाकले जातात. तो असेल तर लावूनच द्या. आणि एकदा उघडलेला फोन, कुणीही उघडलेला असो, पहिल्यासारखा पाण्याला दाद देणार नाही असंच धरून चाला. नवा गम लावूनही कारखान्यातली सील परत येत नाही.

पैशाचा हिशोब मी महिन्यावर काढतो. ३,२०० ची बॅटरी तुमच्या वापरात दीड वर्ष चांगली गेली तर महिन्याला १७८ रुपये पडतात. १,२०० ची आठ महिने गेली तर १५०. म्हणजे कागदावर स्वस्तातलीच स्वस्त पडते, ते मी लपवत नाही. पण तिच्यासाठी फोन दोनदा उघडावा लागतो, पट्टे दोनदा ओढले जातात, आणि फुगण्याची भीती वेगळी. नवा अठरा हजारांचा घेऊन चार वर्षं वापरला तर महिन्याला ३७५. एक्स्चेंजचे दोन हजार वजा केले तरी ३३३. चपलेचा अंगठा तुटला तर आपण चांभाराकडे जातो, नवी चप्पल घेत नाही. पण तळवाच झिजला असेल तर अंगठ्यावर पैसे घालणारा मूर्ख.

तेव्हा तळवा बघा. तुमच्या मुलीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, फक्त तिचं कारण चुकलंय. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तुमचा फोन त्याच्या आधीचा. पण ४जीवर तुमचे व्हॉट्सॲप, यूपीआय, मॅप सगळं चालतं, आणि तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर तुम्हाला त्याहून जास्त वेग कशाला हवाय ते मला कळलेलं नाही. खरं कारण दुसरं आहे: सिक्युरिटी अपडेट. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती वर्षाहून जुनी असेल, तर कंपनीने तुमच्या फोनला सोडून दिलंय असं समजा. २०२१ मधल्या अठरा हजारांच्या बऱ्याच अँड्रॉइडना दोन-तीन वर्षांच्या वर अपडेट मिळत नव्हते. फोन चालत राहतो, पण सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही. नुसते कॉल आणि गाणी असतील तर ठीक, पण तुमचा बँकेचा सगळा व्यवहार त्याच्यावर आहे. हळूहळू ॲपही पाठ फिरवतात. व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीला किटकॅट नावाच्या जुन्या अँड्रॉइड आवृत्तीला रामराम ठोकला. तुमचा फोन एवढा जुना नाही, पण रांग त्याच दिशेने सरकते.

बाकी मी हे बघतो: डिस्प्लेवर रेघ किंवा डाग आहे का, चार्जिंगचा जॅक सैल झालाय का, स्टोरेज गळ्यापर्यंत भरलंय का. स्टोरेजचं औषध फुकट आहे, ‘गुड मॉर्निंग’चे फोटो पुसा. जॅक दोन-चारशेचं काम. कित्येकदा तर आत नुसता खिशातला कापूस असतो आणि लाकडी टूथपिकने निघतो. डिस्प्ले गेला असेल तर मी स्वतःच म्हणतो, राहू दे. डिस्प्ले आणि बॅटरी मिळून खर्च नव्या फोनच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला की मी काम घेत नाही. हा नियम माझा, दुसऱ्या दुकानात वेगळा असेल.

नवा घ्यायचाच ठरला तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजू नका, अपडेट किती वर्षं देणार ते विचारा. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय. ते महागडे फोन, पण आता खालच्या किमतीतही चार-सहा वर्षं कबूल करणारे मिळतात. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच केलाय की विक्रीला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलींनंतर ८० टक्के राहिली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, कंपन्यांचे दुरुस्तीचे तपशील एका जागी मिळावेत म्हणून. आमच्यासारख्यांना मूळ बॅटरी सरळ कंपनीकडून बिलावर मिळायला लागली तर हे वजनकाट्याचे खेळ मी आनंदाने बंद करीन.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाब बसला की तिथे आग लागते, आणि ती विझवणारा माणूस तुमच्याच गावचा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलीय. सेंटरला द्या, नाहीतर दुकानदाराला ‘तुम्ही काय करता हिचं?’ असं विचारून द्या.

तुमच्यापुरतं माझं मत. सुरक्षा अपडेट वर्षाच्या आतलं असेल, डिस्प्ले स्वच्छ असेल, तर सेंटरची ३,२०० ची बॅटरी टाका आणि होल्डर काढून टाका. उन्हात दिवसभर फिरणाऱ्याने स्वस्तातली बॅटरी मांडीजवळच्या खिशात बाळगू नये, एवढ्यासाठीच सेंटर म्हणतोय. अपडेट कधीचंच थांबलं असेल, तर नवा घ्या. पण जुना दोन हजारांना देऊ नका. बाराशेची, वजन करून घेतलेली बॅटरी टाका, बँकेची ॲप काढा, आणि तो घरात गाण्यांना, आईच्या व्हिडिओ कॉलला ठेवा. घरात, सावलीत तीच बॅटरी चांगली टिकेल.

मात्र त्याआधी ती रात्रीची परीक्षा. उद्या रात्री एअरप्लेन मोड लावा आणि सकाळी किती टक्के उरले तो आकडा मला कळवा. सत्त्याण्णवच्या वर आला, तर तुमचं भेटी नोंदवायचं ॲप कुठलं तेही लिहा.